सिनानच्या घरची कमान

सना, १२ रजब १३९१

मुतहर,

सलाम त्यालाच, जो सरळ वाटेनं चालतो. तू त्यात बसतोस का ते तुझं तू बघ.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही, काझींनी लिहायला लावलंय. तुझ्या मुलीचं, गालियाचं, लग्न ठरवलंय मी. मुलाचं नाव नाजी. वेशीजवळच्या सरकारी शाळेत शिकवतो. तिथल्या फळ्यावर हे साल १९७१ असं लिहितात, तेवढं तुझ्या डोंगरापर्यंत पोचलं असेल तर. मुलगा सरळ आहे आणि पोरीला पसंत आहे.

काझींकडे गेलो तर ते म्हणाले, "बाप जिवंत आहे ना? मग मामाच्या शब्दाला इथं किंमत नाही. बापाची संमती आण."

मी म्हटलं, "हा बाप इमामाचं राज्य परत आणायला बायको-पोर टाकून गेला. सत्तर दिवस याच शहरावर तोफा डागणाऱ्यांच्या पंगतीला जेवला. त्याच तोफेच्या गोळ्यानं माझी बहीण गेली, म्हणजे त्याचीच बायको."

काझी म्हणाले, "ऐकून वाईट वाटलं. पण बाप तो बापच."

तेव्हा दोन ओळी लिही, की लग्नाला माझी हरकत नाही आणि माझ्या वतीनं लुत्फनं उभं राहावं. खाली दोन साक्षीदारांचे अंगठे घे आणि ज्या ट्रकवाल्यानं हे पत्र आणलं त्याच्याच हाती परत पाठव. तू यायची गरज नाही. लढाई मिटली, सरकारनं तुम्हा सगळ्यांना माफी दिली, तो सरकारचा मोठेपणा. माझ्या दारात मात्र सरकार राहत नाही.

लुत्फ

---

सादा, १ शाबान

लुत्फ,

सलाम मी पुरता घालतो, तो कापून देण्याइतकी माझी तंगी नाही. तुझ्यावर आणि घरातल्या सगळ्यांवर शांती असो.

हूरिया गेली हे मला कुणी कळवलं माहीत आहे? एका मीठ विकणाऱ्यानं. बाजारात मीठ मोजता मोजता म्हणाला, "सनाचे काचवाले ना तुम्ही? तुमच्या बायकोचं ऐकून वाईट वाटलं." तिला पुरून तेव्हा तीन महिने झाले होते. तुझ्याकडून एक ओळ नाही. आणि आज पोरीच्या लग्नाला माझा अंगठा हवा म्हणून तुला माझा पत्ता आठवला.

वेढा पडायच्या आधी मी खेचर आणि भरवशाचा माणूस पाठवला होता, हूरियाला आणि पोरीला घेऊन ये म्हणून. तू त्याला दारातून परत पाठवलंस. ती त्या दिवशी निघाली असती तर आज माझ्या घरात चूल पेटवत असती. मरणाचा हिशेब करायला बसलास तर तिथून सुरू कर.

तोफेला मी हात लावलेला नाही. पिठाची पोती वाहिली, जखमींना पाणी दिलं. कुराणावर हात ठेवून सांगीन.

आता तुझा हा मास्तर. चौकशी केली. त्याचा आजा हमामात लोकांच्या दाढ्या करायचा. तुझ्या वडिलांची, उस्ताद सालिहची नात मी न्हाव्याच्या नातवाला देणार नाही. ते असते तर त्यांनी तुला कारखान्याबाहेर उभं केलं असतं. माझा नकार आहे, हे कुणालाही दाखव.

ईदनंतर मी स्वतः येतो. मुलगी माझी आहे, तिचं मी बघीन. आणि तिचं लग्न होईल तेव्हा तिच्या खोलीच्या खिडकीवरची रंगीत काचांची कमान मी कोरणार. तुझ्या हातची नको. तुझा कंपास अजून वाटोळं काढताना अंडं काढत असेल.

मुतहर

---

सना, १९ शाबान

मुतहर,

माझा हात वाकडा आहे, कबूल. वडिलांनी ते माझ्या तोंडावर सांगितलं होतं आणि तुझ्या तोंडावर तुझी स्तुती केली होती, तेही आठवतं. जिप्समचा लगदा फळीवर ओतला की तो सुकायच्या आत तू अख्खी वेल कोरून मोकळा व्हायचास. मी अर्ध्यात असतानाच माझा दगड व्हायचा. म्हणून तर त्यांनी कारखाना मला दिला आणि मुलगी तुला. एवढी मेहेरबानी झालेला माणूस घर सोडून कसा जातो, ते मला अजून कळलेलं नाही.

खेचराचं ऐक. तुझा माणूस मी परत पाठवला नाही. हूरिया स्वतः जिन्यावरून बोलली, "त्याला म्हणावं, मी सामान नाही मागवून घ्यायला. हवी असेन तर स्वतः ये." मी फक्त दार लावलं.

आता ती कशी गेली ते ऐक, म्हणजे मीठवाल्यावर अवलंबून राहायला नको. शव्वालची नऊ तारीख. मगरिबची, दिवेलागणीची बांग नुकतीच संपली होती. मी खाली गाढवाला चारा टाकत होतो. गोळा तिसऱ्या मजल्यावर पडला, तिच्याच खोलीत. वर गेलो तर अख्खी खोली पांढरी, पिठाच्या गिरणीसारखी. त्या पांढऱ्यात जागोजागी काच. गालिया दाराशी पडलेली, दंडात काच रुतलेली. हूरिया खिडकीखाली होती. तिला मी एकट्यानं खाली आणलं. इथून पुढचं लिहीत नाही.

तोफेला हात लावला नाहीस म्हणतोस. मानतो. पण तोफेला डोळे कुणी दिले? गेल्या वर्षी तुमच्याकडून सुटून आलेला एक कैदी मला भेटला. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "डोंगरावर सनाचा एक काचकारागीर होता. संध्याकाळी दुर्बीण लावून बसायचा. दिवा लागलेली खिडकी दिसली की कुणाचं घर ते सांगायचा. सगळ्या खिडक्या त्यानंच केल्या होत्या म्हणे."

कुराणावर हात ठेवशील तेव्हा हेही सांग.

नाजीचा आजा दाढ्या करायचा, खरं आहे. वस्तरा हातात असून त्यानं कुणाचा गळा कापला नाही.

कागद पाठव.

लुत्फ

---

सादा, ६ रमजान

लुत्फ,

कैदी खोटं बोलला नाही.

चार वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगतोय, कारण तू नाहीतरी माझ्याबद्दल याहून वाईटच धरून बसला आहेस.

सरकारी फौजेचा कप्तान सिनान तुला माहीत आहे. माझ्या भावाला, हमूदला त्यानं त्याच्याच अंगणात भिंतीशी उभं केलं. हमूद एकोणीस वर्षांचा होता, इमामाच्या माणसांची एक चिठ्ठी त्याच्या खिशात सापडली होती, एवढंच. प्रेतसुद्धा तीन दिवस दिलं नाही. त्या अंगणावरच्या खिडकीची कमान दोन वर्षांपूर्वी मीच करून दिली होती. माझ्या हातून तेवढं चांगलं काम पुन्हा झालं नाही. बारा पाकळ्या, कडेनं हिरवी काच, मधोमध एकच लाल चंद्र. अख्ख्या सनात तशी दुसरी नाही, कारण ती लाल काच मला एकदाच मिळाली. त्या लाल चंद्राखाली माझा भाऊ मेला. मी डोंगरावर का गेलो हे तुला कळत नव्हतं ना?

दिवसा बाहेरून सगळ्या काचा काळ्या दिसतात, हे तुला सांगायला नको. आत दिवा लागला तरच रंग बाहेर येतो. वेढ्यात लोक खिडक्यांना घोंगड्या लावायचे. मी रोज संध्याकाळी हूरियाची खिडकी शोधायचो. पिवळी आणि पांढरी, आमच्या लग्नात मी केलेली. एकदाही दिसली नाही. वाटायचं, बरं आहे, लुत्फनं नीट झाकून ठेवली आहे.

तोफखान्याच्या प्रमुखानं इतर घरं विचारली, तेव्हा मी निम्मी चुकीची सांगितली. पण एका संध्याकाळी तो लाल चंद्र पेटलेला दिसला. घरं एकमेकांत मिसळतात त्या दुर्बिणीत, पण ती कमान मी झोपेतही ओळखीन. मी बोट दाखवलं. म्हणालो, "ते सिनानचं घर. तिथं मारा." दुसऱ्या दिवशी चंद्र नव्हता. मी त्या दिवशी पोटभर जेवलो. मला त्याची लाज नव्हती, आजही नाही.

तुझं घर तिथून तीन गल्ल्या पलीकडे. हूरियाला लागला तो भलताच गोळा. तिच्या खिडकीकडे मी कधी कुणाला बघू दिलं नाही. एवढं ऐकून आता तरी मला तिच्या मरणातून मोकळा कर. बाकी शिव्या दे, त्या मी घेईन.

ईदनंतर येतोच आहे.

मुतहर

---

सना, २० रमजान

मुतहर,

पत्र मिळालं.

झालं ते झालं. मेलेल्यांना उकरून काही मिळत नाही. मी तुला दोष देत नाही. तू म्हणतोस तसा भलताच गोळा असेल.

कागद तेवढा पाठव. प्रवासाची दगदग करू नकोस, रस्ते खराब आहेत. गालियाची आई जिथं गेली ती खोली आम्ही बंद केली आहे, बघण्यासारखं तिथं काही नाही.

तुला ईद मुबारक.

लुत्फ

---

सादा, २ शव्वाल

लुत्फ,

तीस वर्षं तुला ओळखतो. लहानपणी मी तुझी एक काच फोडली होती, त्याचा विषय तू माझ्या लग्नाच्या जेवणात काढलास. तू भांडण सोडून देणारा माणूस नाहीस. तुझं शेवटचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझी भीती वाटली.

ईदच्या नमाजनंतर सनाचा एक कापडवाला भेटला. मी सहज म्हटलं, "सिनानचं घर पाडलं ना तोफेनं?" तो हसला. म्हणाला, "कुठला सिनान? तो तर वेढ्याच्या पहिल्याच आठवड्यात बायकापोरांसकट निघून गेला. आता होदैदाच्या बंदरावर मोठा साहेब आहे. घर जसंच्या तसं उभं आहे, एक खिडकी तेवढी विटांनी बुजवली आहे."

घर उभं आहे. आत कुणी नव्हतं. मग माझ्या कमानीमागे दिवा कुणी लावला?

दुसरं काही लिहू नकोस. एवढंच सांग.

मुतहर

---

सना, १५ शव्वाल

मुतहर,

मी आणली ती.

सिनान पळाला त्याला पंधरा दिवस झाले होते. पहिल्या माऱ्यातच हूरियाच्या खोलीची तुझी पिवळी-पांढरी कमान तडकून खाली आली होती. कडाक्याची थंडी, वारा थेट अंथरुणावर. जिप्समच्या भट्ट्या सगळ्या शहराबाहेर, तुमच्या लोकांच्या ताब्यात. मूठभर लगदा मिळत नव्हता. नवी कोरणार कशी? आणि कोरली असती तरी माझ्या हातची ती. सिनानच्या घराला राखण नव्हती. मी आणि शेजारच्या अलीनं भर दुपारी ती भिंतीतून काढली, गादीवर आडवी ठेवली आणि खाटेसारखी खांद्यावरून आणली. वीतभर मोठी होती. आमची भिंत फोडून बसवली.

हूरिया जवळ आली. नुसता हात फिरवला तिच्यावरून.

मला वाटलं, एकदा तरी या घरात असं काही मी आणलं, जे तिला तुझ्याइतकं आवडलं. तेही तुझंच होतं, ही गोष्ट वेगळी.

तुझं रमजानचं पत्र येईपर्यंत मला काही ठाऊक नव्हतं. बारा पाकळ्या वाचलं आणि कागद खाली ठेवला. त्या दिवशी रोजा कशानं सोडला ते आठवत नाही.

आता तू म्हणशील, लुत्फनं मारलं तिला. म्हण. पण एक विचार. मी खिडकी आणली ती थंडी अडवायला. तू बोट दाखवलंस ते माणसं मारायला. त्या घरात सिनानची बायको असेल, त्याची पोरं असतील, याचा विचार तू त्या संध्याकाळी केला होतास? केला असशील तर तू मला वाटलास त्याहून वाईट आहेस. तिथं दुसऱ्या कुणाची बायको मेली असती तर तू आजही पोटभर जेवत असतास.

आणि दिवा हूरियानं लावला. रोज सांगायचो, घोंगडी काढू नकोस म्हणून. निष्काळजी होती, त्याला मी काय करू.

येऊ नकोस. तुला समोर बघून मी काय करीन ते मला सांगता येत नाही.

लुत्फ

---

सना, २० जिल्काद

बाबांना आणि मामांना, दोघांना सलाम.

हेच पत्र मी दोनदा लिहिलं आहे. एक प्रत सादाला जाईल, दुसरी मामांच्या कारखान्यात ठेवून जाते. एकाला सांगितलं आणि दुसऱ्यापासून लपवलं, असं तुमच्यासारखं मला करायचं नाही.

बाबा, तुमचं शव्वालचं पत्र ट्रकवाल्यानं माझ्या हाती दिलं. मामा मशिदीत गेले होते. मी ते उघडलं. मग मामांच्या हत्यारांच्या पेटीतली बाकीचीही वाचली. मामांनी त्याचं उत्तर लिहून ट्रकवाल्याकडे पोचवायला मलाच दिलं, तेही मी वाचलं आणि पोचवलं. चोरी केली म्हणा हवं तर.

त्या खोलीत मी होते, हे तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे. माझ्या दंडाचं सगळ्यांना आठवतं. मी काय पाहिलं ते मात्र कुणी विचारलं नाही.

मामा, आई निष्काळजी नव्हती. तुम्ही ती कमान आणलीत तो विचारसुद्धा तिचाच होता. तुम्हाला आठवत नसेल. ती म्हणाली होती, "सिनानचं घर रिकामं आहे म्हणे. तिथली कमान फार सुंदर आहे." तुम्हाला वाटलं, थंडीसाठी म्हणते आहे. तुम्ही दुसऱ्याच दिवशी गेलात. तुमच्यावर तिची माया होती, तुम्हाला कधी वाटलं नाही तेवढी.

रोज मगरिबनंतर ती घोंगडी बाजूला करायची आणि दिवा खिडकीत धरायची. वीस-पंचवीस श्वास, बस. मग पुन्हा घोंगडी. मी भ्यायचे. ती म्हणायची, "तुझे बाबा त्या डोंगरावर आहेत. त्यांना दुसऱ्या कुणाच्या खिडकीचं सोयरसुतक नसेल, पण हे काम ते ओळखतील. चुकीच्या जागी दिसलं की त्यांच्या लक्षात येईल. म्हणतील, ही इथं कशी आली? मग विचार करतील आणि त्यांना कळेल, आपण आहोत म्हणून."

बाबा, तिला वाटलं, तुम्ही विचार कराल. हमूदकाकांचं तिला माहीत होतं, त्या अंगणात काय झालं तेही माहीत होतं. तरीही तिला वाटलं.

हे मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. मामांना सांगितलं असतं तर त्यांनी दिव्याचा राग आईवर काढला असता. आत्ता पत्रात काढलाच. तुम्हाला सांगायला तुम्ही नव्हता.

आता लग्नाचं. बाबा, तुम्ही शाबानच्या पत्रात लिहिलं होतं, नकार आहे, कुणालाही दाखव. मी ते पत्र घेऊन काझींकडे गेले. बरोबर नाजीची आई होती. काझींनी दोनदा वाचलं. विचारलं, "मुलाच्या वागण्यात काही खोट?" मी म्हटलं, "नाही." "नमाज पढतो?" "हो." मग म्हणाले, "आजा दाढ्या करायचा हे लग्न अडवायचं कारण होत नाही. बाप विनाकारण अडवत असेल तर मुलीच्या वतीनं काझी उभा राहतो. पण मामा आहे ना घरात? त्याला बोलावू?"

मी म्हटलं, "नको. दोघांपैकी कुणीच नको."

काझींनी दौत जवळ ओढली. त्यांनी कारण विचारलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

लग्न गेल्या गुरुवारी झालं. मामा, तुम्ही त्या दिवशी शिबामला लाकूड आणायला गेला होता. दिवस मी तोच निवडला. मामींना ठाऊक होतं, त्यांना बोलू नका. त्यांनीच माझे केस विंचरले आणि सबंध वेळ रडल्या.

नाजीची बदली तायझला झाली आहे. उद्या पहाटेच्या गाडीनं आम्ही निघतो. तिथला पत्ता देत नाही. मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तुमचा सूड घेते आहे असंही समजू नका. तुम्ही दोघं आईबद्दल भांडता तेव्हा मला आई दिसत नाही, एवढंच. तायझला गेल्यावर कदाचित दिसेल.

बाबा, तुम्ही ईदनंतर येणार होता. आला नाहीत. यायचं तर या. मी नसेन. मामा दार उघडतील की नाही ते मला सांगता येत नाही, पण तिसऱ्या मजल्यावरची खोली उघडायची झाली तर किल्ली मामींकडे आहे.

लिहावंसं वाटलं तर एकमेकांना लिहा. तिला ओळखणारं दुसरं कुणी आता तुम्हा दोघांना उरलेलं नाही.

गालिया